विमानांतील वर्ग आणि न्यायबुद्धि

एकाच गांवास, एकाच वेळीं, एकाच वाहनांतून निघालेल्या माणसांची त्यांच्या खिशावरून वर्गवारी करणें न्याय्य आहे काय, हा प्रश्न नवा नाहीं. आगगाडीच्या डब्यांवर पहिला, दुसरा, तिसरा असे आंकडे घातले गेले तेव्हांपासून तो विचारला जात आहे. परंतु या प्रश्नाचें निर्भेळ रूप पाहावयाचें असेल तर तें विमानांत पाहावें. आगगाडींत वरच्या वर्गाचा डबा निदान निराळा असतो. आगबोटींत डेक आणि केबिन यांच्यामध्यें मजल्यांचें अंतर असतें. विमानांत मात्र सर्वांना मिळून एकच पोकळी, एकच पंखांची जोडी आणि तेच वैमानिक. पुढें बसलेल्याचा आणि मागें बसलेल्याचा मुक्काम एकाच क्षणीं येतो, आणि संकट आलेंच तर जास्त भाड्याची पावती दाखवून तेथें उपयोग नसतो. वेग, दिशा आणि धोका समान ठेवून सुख तेवढें असमान वांटण्याची ही योजना आहे. म्हणून विषमतेचा नैतिक विचार करणाऱ्यास याहून सोईचें उदाहरण मिळणें कठीण.

या योजनेविषयीं सुशिक्षितांत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, पडद्यापलीकडे एक मनुष्य पाय पसरून निजतो आणि अलीकडे तेवढ्याच जागेंत तिघे गुडघे आवळून बसतात, हा उघड अन्याय आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, तो निजतो म्हणूनच हे तिघे बसूं शकतात. त्याच्या भाड्यावर विमान उडतें, तेव्हां मत्सर सोडून त्याचे आभार मानावे. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा, परंतु विमानाच्या जमिनीची वांटणी प्रत्यक्षांत कशी होते हें पाहण्याचे कष्ट दोघांपैकीं एकानेंही घेतलेले नसतात. निवाडा देण्यापूर्वीं वहीखातें पाहावें, हा व्यवहाराचा नियम नीतीसही लागू आहे.

विमान-कंपनीचा ताफा म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचा संसार. विमान मागविणें आणि तें हातीं येणें यांतच वर्षेंच्या वर्षें जातात. इंडिगो कंपनीनें जून २०२३ मध्यें एअरबसकडे ५०० विमानांची मागणी नोंदविली; तीं मिळण्याचा काळ २०३० ते २०३५ असा ठरला. त्या वेळीं कोण, कोठें, किती भाडें देऊन जाईल, याचा अदमास इतका आधीं करावा लागतो. विमानाचें आकारमान मागाहून बदलतां येत नाहीं. आंतील आसनांची मांडणी मात्र बदलतां येते. शेत एकदां घेतलें कीं त्याचे बांध ठरले, पीक कोणतें लावावयाचें तेवढें शेतकऱ्याच्या हातीं राहिलें, तसाच हा प्रकार आहे.

याच कंपनीचें उदाहरण पुढें चालवूं. २००६ सालीं सुरू झाल्यापासून अठरा वर्षें तिनें आपल्या विमानांत सर्व प्रवाशांस एकच वर्ग ठेविला होता. नोव्हेंबर २०२४ मध्यें दिल्ली-मुंबई मार्गावर तिनें प्रथमच पुढें मोठ्या आसनांचा निराळा वर्ग काढला. ज्या ए-३२१ निओ जातीच्या विमानांत ती एरव्हीं २३२ पर्यंत आसनें बसविते, त्यांत या नव्या मांडणीनें पुढें १२ व मागें २०८, मिळून २२० आसनें झालीं. म्हणजे २४ साधीं आसनें गेलीं आणि त्यांच्या जागीं १२ मोठीं आलीं. मोठ्या आसनामागें साध्याच्या दुपटीहून अधिक उत्पन्न पदरांत पडलें, आणि तें आसन रिकामें गेलें नाहीं, तरच हा सौदा परवडला. समुद्रापारच्या लांब प्रवासांत, जेथें आसनाचा बिछाना होतो, तेथें एका प्रवाशास तीन-चार साध्या आसनांची जमीन लागते, आणि भाडेंही त्या मानानें चढतें.

आतां खर्चाकडे पाहूं. इंधन, वैमानिकांचें वेतन, विमानतळाचें शुल्क आणि विमानाचें कर्ज यांतील बहुतेक भार आसनावर कोण बसला आहे यावर अवलंबून नसतो. विमान सुटलें कीं रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. संध्याकाळीं उरलेली भाजी निदान उतरत्या भावानें विकतां येते, येथें तेंही नाहीं. अशा धंद्यांत एकच भाव ठेवला तर कांहीं जागा रिकाम्या जाणार, आणि ज्यास दुप्पट देण्याची तयारी होती तो निम्म्यांत जाणार. म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या ऐपतीप्रमाणें घेण्याच्या युक्त्या निघाल्या. १९७८ सालीं अमेरिकेनें भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविलें. त्याच्या आगेंमागें सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला, आणि पूर्ण भाडें देणारे व्यापारी कुरकुरूं लागले कीं, आमच्या शेजारीं बसलेला आमच्या निम्म्या पैशांत आला आहे. त्यांची समजूत घालण्यासाठीं पॅन अमेरिकन आणि ब्रिटिश एअरवेज यांनीं १९७८ च्या सुमारास त्यांस निराळ्या भागांत बसविलें. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनें 'बिझिनेस' वर्ग काढला. या वर्गाचा जन्म ऐषआरामाच्या हौसेंतून झाला नाहीं, तर शेजाऱ्यानें आपल्यापेक्षां कमी दिले या सलांतून झाला, ही गोष्ट मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकानें टिपून ठेवण्यासारखी आहे.

पुढच्या वर्गाचे कैवारी आपल्या बाजूस एक वजनदार तत्त्व आणूं शकतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनीं १९७१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, ज्या विषमतेनें समाजांतील सर्वांत खालच्या माणसाचीही स्थिति सुधारते, ती विषमता न्यायाच्या कसोटीस उतरूं शकते. पुढच्या बारा जणांनीं अधिक भाडें दिल्यामुळें मागच्या दोनशें आठांचें भाडें उतरत असेल, तर कोणाची हानि झाली? अनुभवही या म्हणण्यास कांहींसा दुजोरा देतो. फ्रेडी लेकर यांनीं १९७७ सालीं लंडन-न्यूयॉर्क मार्गावर केवळ स्वस्ताईच्या बळावर विमानें चालविलीं. १९८२ सालीं त्यांचें दिवाळें निघालें. परंतु त्याच महासागरावर उलट प्रयोगही झाला. मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्यांनीं मागचा वर्ग अजिबात गाळून केवळ वरच्या वर्गाचीं विमानें चालविलीं. इंधनाचे भाव भडकले, आणि डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत तिन्ही बंद पडल्या. मागच्यांवांचून पुढचा, आणि पुढच्यांवांचून मागचा, दोघेही बहुधा अडतात असें यावरून दिसतें.

बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, कांहीं मार्गांवर हा नियमही पालटतो. सिंगापूरहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कपर्यंतचा मार्ग सुमारें १५,३०० किलोमीटरांचा. तेथें अठरा तासांहून अधिक काळ न थांबतां उडावें लागतें. इतक्या दूर जावयाचें तर इंधन वाहून नेण्यासाठींच आणखी इंधन जाळावें लागतें, आणि प्रत्येक माणसाचें वजन महाग होतें. सिंगापूर एअरलाइन्सनें २००४ सालीं या मार्गावर १८१ आसनांचें विमान घातलें. २००८ सालीं त्यांतील सर्व आसनें काढून बिझिनेस वर्गाचीं केवळ १०० ठेविलीं. २०१३ सालीं तो मार्ग बंद केला. २०१८ सालीं त्यांनीं तो पुन्हां सुरू केला तो ए-३५० जातीच्या नव्या विमानानें. या जातीच्या लांब पल्ल्याच्या विमानांत ती कंपनी २५३ आसनें बसविते. या मार्गासाठीं तिनें १६१ च बसविलीं, त्यांत ६७ बिझिनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी वर्गाचीं. साधा इकॉनॉमी वर्ग मुळींच नाहीं. जमीन जेथें अतिशय महाग झाली तेथें धनिकानें गरिबास पोसलें नाहीं. गरिबास जागाच उरली नाहीं. उपकाराची भाषा करणाऱ्यांनीं हा दाखला विसरूं नये.

मग कोण कोणास पोसतो? आमच्या मतें या प्रश्नास नेमकें उत्तरच नाहीं. नारळाच्या झाडावर चढण्याची मजुरी खोबऱ्याच्या खात्यांत किती घालावी आणि काथ्याच्या खात्यांत किती, हें कोणत्या गणितानें ठरवावें? रेल्वेच्या दरांविषयीं अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ टॉसिग आणि इंग्लंडचे पिगू यांचा वाद १९१३ च्या सुमारास याच मुद्यावर झाला. टॉसिग म्हणत कीं, निरनिराळ्या गिऱ्हाइकांची वाहतूक ही एकाच खर्चांतून निपजणारी जोड-उत्पन्नें होत. पिगू म्हणत कीं, वस्तु एकच आहे, आणि भाव वेगळे घेतां येतात ते मक्तेदारीच्या जोरावर. आणि गांधीजींनीं १९१७ सालीं आपल्या रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांनीं हिशेब अगदीं उलटा मांडला. मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गानें प्रवास केल्यावर त्यांनीं असें विचारलें कीं, पहिल्याचें भाडें तिसऱ्याच्या पांचपट असेल, तर तिसऱ्यास पहिल्याच्या सुखाचा पांचवा, निदान दहावा तरी वांटा मिळतो काय? त्यांच्या मतें वरच्या वर्गांचे वाढते थाट तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालले होते. एकाच प्रकारच्या व्यवहाराकडे पाहून एक म्हणतो वरचा खालच्यास पोसतो, दुसरा म्हणतो खालचा वरच्यास. ज्या हिशेबांतून दोन्ही उत्तरें निघूं शकतात, त्याच्या आधारावर आभारही मानूं नयेत आणि शापही देऊं नयेत. शिवाय पुढच्या आसनाचें भाडें पुष्कळदां त्यावर बसणारा देतच नाहीं. त्याची कंपनी किंवा त्याचें सरकार देतें. उदारपणाचें श्रेय त्यास द्यावें, तर पैसा तरी त्याच्या घरचा असावा!

तेव्हां न्यायाचा प्रश्न निराळ्या ठिकाणीं शोधला पाहिजे. तें ठिकाण एका फ्रेंच स्थापत्यविशारदानें १८४९ सालींच दाखवून दिलें आहे. ज्यूल द्युप्वी यांच्या काळीं कांहीं आगगाड्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, आणि बसावयास नुसत्या फळ्या असत. लोक म्हणत, कंपन्यांना गरिबांची दया नाहीं. द्युप्वी यांनीं याहून मार्मिक कारण दिलें. छपराचा खर्च क्षुल्लक असतो. तो वांचविण्यासाठीं कंपनी डबा उघडा ठेवीत नाहीं. ज्याला दुसऱ्या वर्गाचें भाडें देण्याची ऐपत आहे त्यानें तिसऱ्यांत बसूं नये, यासाठीं ती तो उघडा ठेवते. पावसांत भिजतो गरीब, परंतु नेम त्याच्यावर धरलेला नसतो. त्याला भिजतांना पाहून मधल्या माणसानें घाबरावें, एवढाच हेतु.

हें वाचल्यावर दोन प्रकारच्या उणिवा स्पष्टपणें निराळ्या पडतात. एक उणीव जागेच्या किंवा पैशाच्या टंचाईमुळें राहिलेली असते. ती भरून काढावयाची तर कोणीतरी किंमत मोजलीच पाहिजे. दुसरी मुद्दाम उत्पन्न केलेली असते; ती दूर करण्यास कांहीं खर्च येत नाहीं, तरीही ती ठेवलेली असते, कारण तिचें असणें हेंच विक्रीचें साधन असतें. पहिलींत कदाचित् दैन्य असेल, पण अपमान नाहीं. दुसरींत एका मनुष्याचा त्रास दुसऱ्यास दाखविण्याची वस्तु बनतो. पुढच्यास बिछाना दिला यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. मागच्याचें छप्पर काढलें यांत दिसतो. म्हणून प्रत्येक विषमतेस एकच प्रश्न विचारावा : ही उणीव भरून काढण्यास कितीसा खर्च येतो?

या कसोटीवर आजचीं विमानें घांसून पाहूं. आसनांची अरुंदी घ्या. बोइंग ७८७ विमानांत एका ओळींत आठ आसनें सोईनें बसतात. बहुतेक कंपन्या नऊ बसवितात. जपान एअरलाइन्सनें आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठच ठेविलीं, यावरून सौजन्य अशक्य नाहीं हें खरें. परंतु नववें आसन काढावयाचें तर उरलेल्या आठांनीं त्याचें भाडें वांटून घेतलें पाहिजे. तशी आमची तयारी असते काय? अमेरिकन एअरलाइन्सनें २००० सालीं मागच्या वर्गांतील कांहीं रांगा काढून सर्वांस पाय ठेवावयास अधिक जागा दिली. प्रवाशांनीं त्याबद्दल कौतुक केलें, परंतु अधिक भाडें दिलें नाहीं. थोड्याच वर्षांत रांगा परत आल्या. तेव्हां अरुंद आसनाचा दोष केवळ कंपनीच्या माथीं मारणें अप्रामाणिकपणाचें होईल. चार पैसे कमी म्हणून तिकीट घेणाऱ्या आपणां सर्वांचा त्यांत वांटा आहे.

परंतु 'बेसिक इकॉनॉमी' नांवाचें तिकीट पाहा. डेल्टा कंपनीनें तें २०१२ सालीं काढलें, आणि २०१७ सालीं अमेरिकेंतील दोन मोठ्या कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. आसन तेंच, रांग तीच, इंधन तेवढेंच. निराळें एवढेंच कीं, आसन निवडावयाचें नाहीं, तिकीट बदलावयाचें नाहीं, चढावयाचें सर्वांच्या शेवटीं. हें तिकीट पाहून पुष्कळ लोक वरचें घेतात, असें कंपन्यांनीं आपल्या भागधारकांपुढें समाधानानें सांगितलें आहे. द्युप्वी यांनीं हें छप्पर लांबूनच ओळखलें असतें. आई आणि तिचें पांच वर्षांचें मूल यांस दोन टोकांच्या रांगांत बसवावयाचें आणि जवळ बसण्याचे पैसे मागावयाचे, हा त्याच जातीचा व्यवहार होय. त्यांस शेजारीं बसविण्यानें विमानाचें वजन तोळाभरही वाढत नाहीं. भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें एप्रिल २०२४ मध्यें असा आदेश दिला कीं, बारा वर्षांखालील मुलास सोबतच्या आईबापांपैकीं एकाच्या तरी शेजारीं जागा द्यावी. हा आदेश लहान दिसतो; त्यामागील तत्त्व लहान नाहीं.

कोणी म्हणेल, कोणास बळजबरी नाहीं. ज्यास छप्पर हवें त्यानें पैसे टाकावे. या युक्तिवादास इतिहासानें केव्हांच उत्तर दिलेलें आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटानें १८४४ सालीं कायदा करून प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी मैलास एक पेनी दरानें चालविण्याची, आणि तिच्या डब्यांत उतारूंचें ऊनपावसापासून रक्षण करण्याची सक्ति कंपन्यांवर केली. १८७२ सालीं मिडलंड रेल्वेनें आपल्या सर्व गाड्या तिसऱ्या वर्गास खुल्या केल्या, आणि १८७५ सालीं तर दुसरा वर्गच काढून टाकून तिसऱ्याला त्याची पायरी दिली. कंपनी बुडाली नाहीं. छप्पर दिल्यानें पहिल्या वर्गाचें सुख कमी झालें नाहीं. दुसऱ्याचें भय तेवढें गेलें. विमानांतही कांहीं छपरें कायद्यानें आधींपासूनच सर्वांवर सारखीं धरलेलीं आहेत. विमान नव्वद सेकंदांत रिकामें करतां आलें पाहिजे, ही अट पुढच्या वर्गापुरती नसते. प्राणवायूचा मुखवटा तिकीट पाहून खालीं येत नाहीं. जिवाच्या बाबतींत जें तत्त्व आपण निमूटपणें मान्य केलें आहे, तें मानाच्या बाबतींत एक पाऊल पुढें न्यावें, एवढेंच आमचें म्हणणें.

मान हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. टोरोंटो आणि हार्वर्ड येथील दोन संशोधकांनीं २०१६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, ज्या विमानांत पहिला वर्ग असतो तेथें मागच्या वर्गांत भांडणतंट्याचे प्रसंग अधिक घडतात. आणि सर्वांस पुढच्या दारानें, निवांत बसलेल्या श्रीमंतांच्या समोरून चालावयास लावलें, तर ते आणखी वाढतात. एका अभ्यासावर फार मोठा इमला रचूं नये. परंतु यांत आश्चर्य वाटण्यासारखेंही कांहीं नाहीं. जेवणावळींत पंगती दोन असल्या तरी मनुष्य एकवेळ सोसतो. एका पंगतीचीं पक्वान्नें दाखवीत त्यास दुसऱ्या पंगतीस नेलें, तर त्याचा घास घशांत अडकतो.

येथवर वाचकांस आमचें म्हणणें पटलें असेल, तर तें इतक्या सहज कां पटलें, याचाही विचार त्यांनीं करावा. आपण बहुतेक जण पडद्याच्या अलीकडे बसतों, म्हणून पडद्यापलीकडचा माणूस आपणांस दिसतो. आपल्या पाठीमागें दुसरा एक पडदा आहे, तो दिसत नाहीं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनीं २०१३ सालीं असा हिशेब मांडला कीं, बिझिनेस वर्गाचा प्रवासी व्यापलेल्या जागेच्या मानानें साध्या प्रवाशाच्या सुमारें तिप्पट धूर वातावरणांत सोडतो. आंकडा ऐकून आपण पुढें बोट दाखवितों. परंतु ज्यानें जन्मांत विमानांत पाऊल टाकलें नाहीं, त्याच्या तुलनेनें आपला पट काढावयाचा तर तो कोणत्या आंकड्यानें लिहावा? पुढच्याचें भाडें मागच्यास थोडें तरी पोंचतें असें निदान म्हणतां येतें. आपल्या उड्डाणाचा जो भार पावसावर आणि पिकावर पडतो, त्याचें भाडें विदर्भांतल्या कोरडवाहू शेतकऱ्यास कोणी पोंचविल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

भारतीय रेल्वेनें १९७४ सालीं तिसरा वर्ग बंद केला. नांव गेलें, आरक्षण नसलेल्या डब्याच्या दारांत लोंबकळणारा मनुष्य गेला नाहीं. वर्ग नांवानें जात नाहींत, आणि सर्व वर्ग एका दिवसांत जावे असा आमचा आग्रहही नाहीं. ज्याला अधिक सुख हवें त्यानें त्याची पुरी किंमत मोजून तें घ्यावें. मात्र जें सर्वांस फुकट देतां येण्यासारखें आहे, तें कोणास भिवविण्यासाठीं कोणापासून काढून घेऊं नये. हा नियम विमान-कंपनीस आम्ही लावला, तसा तो घरांतल्या मोलकरणीच्या निराळ्या कपालाही लावून पाहावा. सोसायटीच्या ज्या उद्वाहकावर 'नोकरांसाठीं नाहीं' अशी पाटी असते, त्यालाही लावावा. त्या उणिवा दूर करण्यास कितीसा खर्च येतो, याचा हिशेब करावयास मोठें अर्थशास्त्र लागणार नाहीं.